खिडकीवाल्याकडे आली होडीची ऑर्डर

मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नाक्याजवळ अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणाऱ्या आमच्या एका वाचकाकडे मध्यंतरी वेगळीच मागणी आली. गिऱ्हाईक जुने. त्यांच्या बंगल्याच्या सगळ्या खिडक्या याच दुकानातून गेलेल्या. शहापूरकडे त्यांची जमीन आहे, जमिनीत मोठे तळे आहे आणि तळ्यात मासे सोडलेले आहेत. त्यांनी मोबाईलवर एका अमेरिकन होडीचे चित्र दाखवले आणि म्हणाले, "उस्ताद, तुम्ही पत्र्याचेच काम करता. एवढी एक करून द्या." बारा फूट लांब, चार फूट रुंद, तळ सपाट, पुढचे तोंड निमुळते नव्हे तर चौकोनी. आत गालिचा, फळ्यांच्या उंच डेकवर दोन फिरत्या खुर्च्या, पुढे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, मागे पेट्रोलची मोटर, मासे ठेवायला बर्फाची पेटी.

उस्तादांनी खिडकीचा मांडतात तसा चौरस फुटाचा हिशेब मांडून भाव सांगून टाकला. बयाणा घेण्यापूर्वी मात्र मनात शंका आली आणि ते आमच्याकडे आले. "भाव बरोबर आहे ना, एवढेच सांगा," असे त्यांचे म्हणणे.

भावाचे नंतर पाहू, असे आम्ही म्हटले. खिडकी गळली तर भिंत ओली होते आणि गिऱ्हाईक फोन करते. होडी गळली तर फोन करायला गिऱ्हाईक राहीलच असे नाही. म्हणून आमच्या वेल्डर, फॅब्रिकेटर, बॅटरीवाले आणि रेक्झिनवाले बांधवांसाठी हा विषय जरा सविस्तर घेत आहोत. अशी ऑर्डर आज एकाकडे आली, उद्या दुसऱ्याकडे येईल. शेततळी आहेत, धरणाकाठची विश्रामस्थाने आहेत आणि हौसेला मोल नसते.

चित्रातल्या होडीला अमेरिकेत जॉन बोट म्हणतात. तिकडच्या नद्यांच्या उथळ, गवताळ पाण्यात मासे धरायला आणि बदकांच्या शिकारीला ती वापरली जाते. तळ सपाट असल्यामुळे चार-पाच इंच पाण्यातही ती तरंगते आणि चिखलावर सहज ओढता येते. पूर्वी ती लाकडी फळ्यांची असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियम आले. त्यातली एक गोष्ट आमच्या कारीगरांनी ऐकण्यासारखी आहे. ग्रमन ही न्यूयॉर्क राज्यातली लढाऊ विमाने करणारी कंपनी. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि विमानांचे काम आटले, तेव्हा पत्रा वाकवण्याचे आणि रिव्हेट मारण्याचे तेच कसब वापरून तिने अॅल्युमिनियमच्या लहान वल्ह्याच्या होड्या बाजारात आणल्या आणि त्या खूप चालल्या. विमानाचा कारीगर होडी करू शकला, तर खिडकीचा का करू नये? जरूर करावी, पण खिडकीचा माल घेऊन नाही.

खिडकीचे सेक्शन बहुधा ६०६३ या मिश्रधातूचे असते. साच्यातून छान निघते, पॉलिश चांगले घेते, पण भिंत पातळ आणि ताकद बेताची. आतल्या किरकोळ चौकटीला चालेल, होडीच्या अंगाला नाही. अंगासाठी ५०५२ किंवा ५०८३ हा मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा घ्यावा, कारण खाऱ्या पाण्यात तोच टिकतो. रंगावरून किंवा हातात धरून हा फरक कळत नाही. पत्रेवाल्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा नंबर पत्र्यावरच्या शिक्क्याशी ताडून पाहावा. सर्टिफिकेट नाही म्हणणाऱ्याकडचा माल स्वस्त असेल, तो खिडकीला ठेवावा.

दोन मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण ५.४ किलो भरते, तीन मिलिमीटरचे ८.१ किलो. या मापाच्या होडीला तळ, दोन्ही बाजू आणि पुढची-मागची फळी धरून पावणेनऊ चौरस मीटरच्या आसपास पत्रा लागतो. आतल्या आडव्या पट्ट्या, बाके आणि काठाची पाइप धरली तर रिकामी होडी ७० ते ८० किलोंची होते. बाजारातला पत्रा आठ बाय चारचा, म्हणजे बारा फुटांच्या तळाला जोड येणारच. तो जोड बरोबर आडव्या पट्टीखाली घ्यावा, मोकळ्या जागी नको.

जोडकामाबद्दल दोन शब्द. आर्गन वेल्डिंग करायचे तर भरणीची काडी ५३५६ ची घ्यावी आणि हात बसलेला वेल्डर लावावा. पातळ पत्रा तापला की लाटांसारखा वाकतो आणि सांध्याजवळ मऊ पडतो. रिव्हेटने जोडायचे तर भरीव रिव्हेट हवी. खिडकीला मारतो ती पोकळ पॉप रिव्हेट पाण्याखाली अजिबात नको. तिच्या पोटातून पाणी येते आणि आत राहिलेला खिळ्याचा तुकडा लोखंडी असेल तर तो गंजतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन दुकानातच ठेवावा, इथे पॉलियुरेथेनचे सीलंट लागते. सांधा गळतो की नाही हे पाहण्याची जुन्या वेल्डरांची पद्धत अजूनही उत्तम आहे. बाहेरून खडू फासावा, आतून रॉकेलचा बोळा फिरवावा आणि थोडा वेळ थांबावे. बारीक चीर असली तरी खडूवर डाग उमटतो. रॉकेल नंतर चांगले पुसून धुऊन काढावे.

आता वजनाचा हिशेब. उस्तादांनी नेमका हाच केला नव्हता. पुढचा भाग वर उचललेला असल्यामुळे बारा फुटांपैकी सुमारे दहा फूट तळ पाण्याला टेकतो. दहा गुणिले चार म्हणजे ४० चौरस फूट. होडी एक इंच बुडाली की ती साडेतीन घनफुटांहून थोडे कमी पाणी बाजूला सारते. घनफूटभर पाणी २८.३ किलोंचे. म्हणजे दर ९४ किलोंना होडी एक इंच खाली जाते.

चित्रातल्या सगळ्या वस्तू आम्ही कागदावर मांडल्या. होडी ७५ किलो. दोन माणसे १५०. पेट्रोलची पाच हॉर्सपॉवरची मोटर २५, टाकी भरून १०. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी ३०, विजेची मोटर १२. डेकला बारा मिलिमीटर प्लायचा एक पूर्ण तक्ता २५, खुर्च्या १०. बर्फ आणि मासळी ३०. नांगर, दोर, वल्ही आणि लाइफ जॅकेट २०. बेरीज ३८७ किलो, म्हणजे चार इंचांहून थोडे जास्त. बाजू अठरा इंच उंच, तर चौदा इंच पाण्यावर उरले. उस्ताद म्हणाले, "मग झाले की!"

झाले नाही. हा हिशेब सरळ बसलेल्या होडीचा आहे. माणूस खालच्या बाकावर बसला तर त्याचा भार तळाजवळ राहतो. तोच माणूस फूटभर उंच डेकवर उभा राहिला तर त्याच्या शरीराच्या भाराचा मध्य तळापासून चार फुटांवर जातो, आणि होडीची रुंदीच मुळी चार फूट. मासा लागला, दोघेही एकाच काठावर वाकले, की काठ पाण्याकडे जातो. एकदा लाट आत आली की खरी गडबड सुरू होते. तळावर इंचभर पाणी साचले म्हणजे आणखी ९४ किलो आले, आणि ते पोत्यासारखे एका जागी बसत नाही, जी बाजू झुकली तिकडेच धावते. म्हणून डेक उंच करायचा असेल तर फार तर चार-सहा इंच, तोही एकाच टोकाला. खुर्च्या मोडीत काढा आणि बाकावर गादी द्या, असा आमचा सल्ला. रेक्झिनवाल्याला काम मिळेल आणि बसणाऱ्याचे डोके वर राहील.

माणसे किती, हा प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही. अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटर लावायच्या होड्यांसाठी एक सोपा नियम आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांत करा आणि पंधराने भागा. इथे ४८ भागिले १५, उत्तर तीन. तीन माणसे, प्रत्येकी ६८ किलोंच्या हिशेबाने, आणि तेही शांत हवेत. तिकडे असा आकडा पत्र्याच्या पट्टीवर कोरून होडीवर लावावाच लागतो. आपल्याकडे १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या होड्या आणि ही होडी वेगळी, पण पाण्याचा हिशेब सगळीकडे तोच. आमच्या उस्तादांना नावाच्या पाट्या कोरण्याचे काम येतेच. "माणसे ३, एकूण वजन इतके किलो" अशी पाटी मागच्या फळीच्या आतल्या बाजूला रिव्हेट करावी. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी करावी.

होडी भरली तरी बुडू नये यासाठी तिच्या पोटात फोम लागतो. अॅल्युमिनियम तरंगत नाही. पाण्याखाली ७५ किलोंच्या अंगाचे वजन ४७ किलोंच्या आसपास उरते, मोटर आणि बॅटरीचे मिळून ढोबळ मानाने ४०. घनफूटभर बंद छिद्रांचा फोम सुमारे २७ किलो उचलतो. म्हणजे नुसत्या सामानालाच सव्वातीन घनफूट लागतो. धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी दोन धरावेत. हा फोम कुठे भरायचा? उस्ताद म्हणाले, डेकखाली, जागा मोकळी आहे. इथेच घात होतो. फोम तळाशी असला तर पाण्याने भरलेली होडी उलटी होते, कारण हलका भाग वर यायला पाहतो. फोम बाकांच्या पेट्यांत आणि दोन्ही बाजूंना काठाजवळ, जितका वर देता येईल तितका वर द्यावा. एक फूट बाय एक फूट अशी चार फुटांची दोन पेटीबाके केली की जागा पुरून उरते. आणि साधा थर्माकोल नको. पेट्रोल सांडले तर तो विरघळतो. ज्यांना पटत नाही त्यांनी वाटीत तुकडा घेऊन उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून पाहावे.

बॅटरी-इन्व्हर्टरचे दुकान चालवणाऱ्यांचे काम यापुढे सुरू होते. साधारण ५५ पौंड ओढीची विजेची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास घेते. शंभरची बॅटरी कागदावर दोन तास आणि खरोखर त्याहून कमी चालते. हळू चालवली तर बराच वेळ पुरते. मोटर पुढे आणि बॅटरी मागे असली तर तारेचा जाऊन-येऊन प्रवास आठ मीटर होतो. घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली तर बारापैकी पावणेतीन व्होल्ट वाटेतच जळतात आणि तार तापते. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. तार टिन लावलेल्या तांब्याची असावी. त्याहून चांगले म्हणजे बॅटरी मध्यापुढे आणावी. तार आखूड होते, आणि मोटर व चालवणारा दोघेही मागे असल्याने मागचा भाग बसतो, तोही सावरतो.

एक सवय मात्र मोडावी लागेल. मोटारगाडीत जसा एक वायर बॉडीला देतात, तसा होडीच्या अंगाला कधीही देऊ नये. वीज पत्र्यातून पाण्यात फिरते आणि पत्रा खाल्ला जातो. तांब्याशी अॅल्युमिनियमचे वैर आहे. पितळेचा नळ, तांब्याची तार, वायर सोलताना पडलेले बारीक तुकडे, खिशातून पडलेले नाणे, यांपैकी काहीही ओल्या तळावर राहिले की त्याखाली टाचणीएवढे भोक पडायला सुरुवात होते. तांबे असलेले रंग आणि वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे औषध मुरवलेले लाकूडही नको. बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ चे घ्यावेत आणि पत्रा व बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर द्यावा. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एवढा मोठा धंदा आहे, तरी चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखू पाहणारे लोक आम्हांला भेटतात. चुंबकाने ते कळत नाही. गालिचा नकोच. तो ओलावा पत्र्याशी धरून ठेवतो. काढून वाळवता येईल अशी रबरी चटई पुरे. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्यावा आणि कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात.

मागच्या फळीबद्दल थोडक्यात. पेट्रोलच्या मोटरचा दांडा १५ इंची की २० इंची, हे आधी विचारून फळीची उंची धरावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला यावी. मोटर घेतली नसेल तर फळी करू नये. मोटर बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला अडकवायची असते, ती शोभेची नाही, हे गिऱ्हाइकाला देतानाच दाखवावे.

इथवर आमचे बोलणे झाले आणि उस्तादांनी हळूच आणखी एक मागणी सांगितली. शेठना काठाला बंदूक टेकवायचा स्टँड हवा होता, चित्रात आहे तसा, बदकांसाठी. याला उत्तर एकच. भारतात १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि शिकारीला बंदी आहे. रानबदके त्यातून सुटलेली नाहीत. स्टँड करून देऊन स्वतःचे नाव अशा भानगडीत घालू नये. उस्ताद म्हणाले, शेठ नाराज होतील. आम्ही म्हटले, तोच स्टँड कॅमेऱ्याचा करा. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला लोक पैसे मोजून होडीत बसतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले. खाली बसायचे बाक, हिरवी जाळी, आवाज न करणारी विजेची मोटर हे सगळे पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला हवेच असते. शेठचा मुलगा कॅमेरावाला आहे, हे नंतर कळले.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. शेठचे भाईंदरचे एक स्नेही म्हणतात, अशीच एक मलाही करा, खाडीत जाळे टाकायला. तळे वेगळे आणि वसईची खाडी वेगळी. उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती पाच मीटरच्या आसपास चढते आणि ओहोटीला ते सगळे पाणी जोराने ओढले जाते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली, मोठ्या जहाजाच्या लाटा वेगळ्याच. सपाट तळाची, चौकोनी तोंडाची होडी लाट कापत नाही, तिच्यावर आपटते. उत्तनचे कोळी बांधव उंच नाळेच्या होड्या वापरतात ते काही दिसायला बऱ्या म्हणून नाही. रत्नागिरीच्या दालदी मुसलमान मच्छीमारांपैकी कुणा म्हाताऱ्याला ही होडी दाखवली तर तो बसण्याआधी आभाळाकडे पाहील. तेव्हा खाडीसाठी ही होडी देऊ नये. आतल्या नाल्यात, निवांत पाण्यात वापरतो असे कुणी म्हणाले तरी ते बिलावर लिहून घ्यावे.

कागदपत्रांचेही पाहावे. मोटर बसवली की अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ चा प्रश्न येतो. सार्वजनिक पाण्यात, धरणात किंवा खाडीत उतरवायची तर नोंदणीची चौकशी सागरी मंडळाच्या कार्यालयात आधी करावी. समुद्रात मासेमारी करायची तर मत्स्यव्यवसाय खात्याचा परवानाही लागतो. करातही फरक आहे. मासेमारीची होडी ५ टक्क्यांच्या गटात, हौसेची होडी सर्वांत वरच्या गटात. बिलावर काय लिहायचे हे आपल्या सीएला विचारून ठरवावे, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून नाही.

आता भाव. उस्तादांचा पहिला आकडा पत्र्याच्या चौरस फुटाचा होता. त्यात आर्गनची मजुरी, फोम, ३१६ चे बोल्ट, जाडी तार, वाया गेलेला पत्रा, टेम्पो आणि चाचणीचे दोन दिवस हे काहीच नव्हते. आम्ही दोघांनी बसून नवा कागद केला, तर आकडा पहिल्याच्या दुपटीच्या जवळ गेला. शेठनी आधी तोंड वाकडे केले, मग खुर्च्या, गालिचा आणि पुढचा उंच डेक काढून टाकल्यावर किती होतात ते विचारले. बरेच कमी होतात.

चाचणी त्यांच्याच तळ्यावर व्हायची आहे, कमरेएवढ्या पाण्यात, काठाला दोर बांधून. आधी तीन माणसांच्या वजनाची वाळूची पोती एका काठाला रचून किती बाजू पाण्यावर उरते ते मोजायचे. मग मोटर आणि बॅटरी उतरवून, त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे लोखंड बांधून, होडी पाण्याने काठोकाठ भरायची आणि ती सुलटी राहते का ते पाहायचे. पोती कोणी आणायची, यावर उस्ताद आणि शेठ यांचे अजून बोलणे चालू आहे.